स्वीडिश बंदुकीवरच्या पाच रेघा

जुनं लाकूड दिसलं की माझे हात शिवशिवतात. कुवेतला सुतारकामाला गेलो तेव्हा ही खोडही माझ्याबरोबर आली. आमच्या कोकणात दुरुस्तीला आलेली वस्तू नव्यासारखी करून दिली नाही तर सुताराला नावं ठेवतात. त्याच शहाणपणात मी एका बापाचं असं नुकसान केलं, की ते आजही मला छळतं.

बाबा कुवेती, शहरालगत रुमैथियात राहत, मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले. आम्ही कामगार त्यांना बाबाच म्हणायचो आणि ते मला उस्ताद. इराकी सैन्य आलं तेव्हा त्यांच्या एकुलत्या एक तरण्या मुलाला घरातून उचलून नेलं होतं. दहा वर्षं होत आली होती, तो आहे की नाही हेही कळलं नव्हतं.

त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर एक लांब बंदूक होती. गोळी उडवणारी आतली टोचणी काढलेली, नुसती शोभेची. तिचा दस्ता चिरला म्हणून मला बोलावलं. बंदूक माझ्या मांडीवर ठेवून बाबांनी मोडक्या हिंदीत तिची कुळकथा सांगितली. नमुना जर्मनांचा. पहिल्या बंदुका तिकडेच घडल्या, मग स्वीडनने आपल्या कारखान्यात काढल्या. भागाभागावर तोच नंबर, म्हणजे एकीचा बोल्ट दुसरीला जाऊ नये. दस्त्यावर पितळेची चकती. नळी किती झिजली, गोळी किती वर जाते, ते तिच्यावर ठोकलेलं.

"एवढी निगा राखली," बाबा म्हणाले, "आणि तो देश दोन्ही महायुद्धांत उतरलाच नाही. म्हणून घेतली मी. घरात असावी तर अशी."

लोखंड त्यांच्याकडेच ठेवून मी फक्त लाकूड रिग्गईला आम्हा कामगारांच्या खोलीवर नेलं. चीर सांधली. तिथेच थांबायला काय झालं होतं? पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. लाकडाच्या पुढच्या भागात, थोड्या थोड्या अंतरावर, पाच आडवे ओरखडे होते. कुणीतरी चाकूने खोडी केली असणार, असं समजून मी ते पॉलिश पेपरने घासून काढले. चकती आमसुलाने घासली, घरची समई घासतात तशी. वरचे आकडे राहिले हे नशीब. मग पॉलिशचे चार हात दिले. खोलीवरचे म्हणाले, "नवरी सजवलीस की रे!" मीही फुशारलो.

घरी नेऊन दिलं तेव्हा बाबांनी लाकूड हातात घेतलं. ओरखडे होते तिथेच त्यांचा अंगठा फिरला. परत फिरला.

"उस्ताद, इथल्या रेघा?"

"घासल्या, बाबा. एकही ठेवली नाही."

ते खाली बसले. अंगठा तिथेच ठेवून सांगू लागले. मुलगा लहान असताना दर ईदला ते बंदूक भिंतीशी उभी करायचे, त्याला तिच्याजवळ उभं करायचे आणि त्याच्या उंचीची रेघ ओढायचे. अशा पाच ईद झाल्या. सहाव्या ईदला त्याचं डोकं लाकडाच्या वर गेलं.

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. करण्याआधी एकदा विचारायला माझी जीभ झडली होती का?

मग ते उठले. माझ्याकडून बंदूक जोडून घेतली, भिंतीशी उभी करवली आणि तिच्या शेजारी रिकाम्या जागेत तळहात आडवा धरला.

"पहिल्या ईदला इथे."

मी पटाशीने रेघ मारली. दुसरी मारली, तिसरी, चौथी. त्यांचा हात जराही हलला नाही. बापाच्या हाताला सगळं ठाऊक होतं. पाचव्या वेळी मात्र हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. जागा सापडेना.

"तू पाहिल्यास ना," ते म्हणाले. "सांग, पाचवी कुठे होती?"

मी सुतार माणूस, सूतभर फरक नजरेने सांगणारा. त्या रेघांवर अख्खी दुपार माझा हात फिरला होता. आणि मला सांगता आलं नाही.