पाय धुण्याची वही

धुळ्यात एका कापड दुकानाच्या माडीवर आमचं कॉम्प्युटर सेंटर होतं. नव्वद साल उलटून गेलं होतं. आसपासच्या पतपेढ्या आणि सोसायट्या आपली कामं आमच्याकडे टाकायच्या आणि आम्ही तिघं ऑपरेटर दिवसभर कीबोर्ड बडवत बसायचो. मी रोज अमळनेरहून एसटीने यायचे. मे महिन्यात सगळं गाव भाजून निघत असताना आपण एसीत बसतो, याचा मला भलताच तोरा होता.

त्या खोलीचं सोवळं मात्र कडक. धुळीनं मशीन बंद पडेल, अशी सेंटरच्या मालकांना, शेठना, कायम धास्ती. म्हणून दाराबाहेर पाण्याची बादली, पायपुसणं आणि एक वही ठेवलेली. पाय धुवायचे, वहीत वेळ आणि नाव लिहायचं, मगच आत. शेठ स्वतःही लिहायचे. यातून कुणाची सुटका नव्हती, कारण राखणीला अक्का होत्या. अक्का आमच्याकडे झाडलोट करायच्या. एकदा पतपेढीचे चेअरमन बूट घालूनच आत निघाले, तर अक्कांनी झाडू आडवा धरला.

सकाळी झाडायला सगळ्यांच्या आधी त्याच आत जायच्या, म्हणजे वहीत पहिलं नाव त्यांचं. सुरुवातीला ते मी आल्यावर लिहायचे. मग मला कंटाळा आला आणि म्हटलं, अक्का, तुम्हीच शिका. दोन महिने लागले. अक्षरं अशी डुगडुगत की बघणाऱ्यालाच आधार द्यावासा वाटे. पण एकदा जमलं आणि मग त्यांनी पेन कुणाच्या हातात दिलं नाही.

पुढे पतपेढ्यांनी स्वतःचे कॉम्प्युटर घेतले आणि आमचं काम आटलं. महिनाअखेर सेंटर बंद करतोय, असं शेठनी सांगितलं. एक पगार जास्तीचा देतो म्हणाले. मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते तेलगिरणीतून निवृत्त झालेले, कामगार कायद्यात पक्के. म्हणाले, "नोटिशीचा महिना वेगळा. शिवाय भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. मेहेरबानी नाही ती, हक्क आहे."

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या आम्ही तिघांनी बाहेरच्या टेबलाशी बसलेल्या शेठना तेच ऐकवलं. थोडी कुरकुर झाली, पण आमच्याकडे नेमणुकीची पत्रं होती. शेठ कबूल झाले. मी विचारलं, "आणि अक्कांचं?"

"त्या कुठे नोकरीत होत्या, ताई? पत्र नाही, हजेरीपटावर नाव नाही. येऊन-जाऊन काम करायच्या. एक चांगली साडी देऊ त्यांना."

माझं डोकंच फिरलं. सहा वर्षं त्या बाईनं एक दिवस उशीर केला नव्हता. मी नको नको ते बोलले, कामगार ऑफिसात जाईन म्हणाले, टेबलावर हातही आपटला. शेठही चिडले. म्हणाले, "जा ना. पुरावा काय दाखवणार?" भांडायची हौस दांडगी, पण हातात काही नाही, अशी माझी गत. अक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या वळून मोरीकडे गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या.

परत आल्या त्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं गाठोडं घेऊन. आत भरलेल्या वह्या होत्या, सहाही वर्षांच्या. वही संपली की शेठ ती रद्दीत द्यायला सांगत. मला तर वाटायचं, त्या केव्हाच भेळवाल्याकडे गेल्या असतील.

"रद्दीमा कशी देऊ, शेठ?" अक्का त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. "मन्हं नाव शे ना त्यामा. दखा, रोजनं शे."

शेठ पानं उलटू लागले. प्रत्येक पानावर पहिलं नाव अक्कांचं, खाली कधी माझं, कधी त्यांचं स्वतःचं. दुसऱ्या कुणाला हजेरीपट म्हणून ठेवायला सांगितलं असतं, तरी इतका चोख राहिला नसता. रोज त्यात नाव लिहिणाऱ्या मला मात्र हे सुचलं नव्हतं, आणि त्याची लाज वाटली.

शेवटी वही मिटून शेठ म्हणाले, "ताई, चौथा हिशोबही काढा. तसाच. सहा वर्षांचा."

मी उठून धावतच आत मशीनच्या खोलीकडे निघाले. त्यांचं मन फिरायच्या आत तो कागद छापून हातात घ्यायचा होता. दारात झाडू आडवा आला. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी त्या बजावत होत्या, "पोरी, पहिले पाय धुई ले."

मी पाय धुतले. वहीत त्यांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं, वेळ टाकली आणि आत गेले.