न प्यायलेलं ताक

सुधींद्र राव नक्की काय काम करतात, हे त्यांच्या सख्ख्या मेहुण्यालाही धड सांगता येत नाही. "एक्स-रेचं काहीतरी," म्हणून तो विषय बदलतो. खातं आहे किरणोत्सारी पदार्थांवर नजर ठेवणारं. कॅन्सरच्या इस्पितळातली यंत्रं, पाइपांचे सांधे तपासायचे कॅमेरे, कारखान्यांतल्या टाक्यांची पातळी मोजणाऱ्या गेज, अशा ज्या ज्या वस्तूच्या पोटात तो घातक दाणा बसवलेला असतो, तिचा ठावठिकाणा ठेवायचा. ती हरवली तर शोधायची, फुटली तर जागा साफ करवून घ्यायची आणि शेवटी "आता इथे धोका नाही" अशी सही करायची. चेन्नईत राहून उभी हयात राव हेच करत आले. पुढच्या वर्षी निवृत्त होतील.

माणूस तंजावरच्या मराठी घराण्यातला. वडील कृष्णस्वामी राव शाळेत गणित शिकवायचे आणि एकादशीला पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचे नाहीत. मुलाने गणित उचललं, एकादशी सोडली. वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये जानवं अंगावर आहे, पण ते सवयीनं, असं राव स्वतःच हसून सांगत. जातपात वगैरे आपण मानत नाही हे ते इतक्या वेळा सांगत की ऐकणाऱ्याला जांभई यावी. ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणाच्याही डब्यात हात घालत, आणि हात घालताना कुणी बघतंय ना, एवढं मात्र पाहून घेत.

त्यांची ख्याती होती ती धीर देण्याबद्दल. किरणोत्सार दिसत नाही, त्याला वास नाही, त्यामुळे माणसं त्याला भुतासारखी घाबरतात. तरुण अधिकारी आकडे फेकतात आणि लोक आणखीच बिथरतात. राव मात्र आधी खाली बसायचे, घरच्यांची चौकशी करायचे आणि मग सावकाश म्हणायचे, "भयप्पडादींग." भिऊ नका. त्यांनी म्हटलं की माणसं खरंच भ्यायची थांबायची. या एका शब्दावर खात्याची अर्धी कामं निभावत, असं साहेब लोक म्हणत आणि राव ते कौतुक मिशीतल्या मिशीत जिरवत.

चेन्नईबाहेर ओरगडमच्या बाजूला, गाड्यांच्या कारखान्यांपासून थोडं आत, एका भंगारवाल्याच्या आवारात तसली एक जुनी गेज येऊन पडली. बंद पडलेल्या कारखान्याच्या लोखंडात ती कुणाच्या लक्षात न येता आली होती. कामगारांनी तिचं शिशाचं कवच कापलं. नशीब थोर, दाणा लवकर सापडला. दाण्याच्या आसपासची माती खणून पिंपांत भरून नेली. माती, बोअरचं पाणी, शेजारच्या झाडांची पानंसुद्धा प्रयोगशाळेत गेली आणि सगळं स्वच्छ ठरलं. राव आपल्या हाताखालच्या दर्शनला घेऊन अखेरच्या पाहणीला गेले, मीटर घेऊन आवार पालथं घातलं आणि सही केली.

आवाराच्या भिंतीला लागून कामाक्षीचं चहाचं दुकान होतं. वर पत्रा, बाहेर एक बाकडं, आत तिचं घर, पाणी आवारातल्याच बोअरचं. नवरा गेल्यानंतर तिनं ते एकटीनं उभं केलं होतं. ट्रकवाले, कारखान्यातली पोरं, आवारातले कामगार हे तिचं गिऱ्हाईक, आणि गेजची बातमी फुटल्यापासून ते सगळं पसार झालेलं. राव बाकड्यावर बसले. जमलेल्या लोकांना त्यांनी समजावलं की पाणी शुद्ध आहे, जमीन शुद्ध आहे, खुशाल चहा प्या. भयप्पडादींग. माणसांचे चेहरे सैल झाले. कामाक्षीचे डोळे भरून आले. ती आत गेली आणि स्टीलच्या दोन पेल्यांत ताक घेऊन आली. आलं, कढीपत्ता, वर थोडी कोथिंबीर.

दर्शन मूळचा नाशिकचा. त्यानं एका दमात पेला रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

रावांनी पेल्याकडे पाहिलं. हात पुढे जाईना. "नको अम्मा," ते म्हणाले. "आज एकादशी. मी पाणीही घेत नाही."

दुकानाच्या भिंतीवर, तमिळ घरांत असतं तसं, रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. तिथी ठळक छापलेली. कामाक्षीची नजर तिकडे गेली, तिच्या मागोमाग बाकड्यावरच्या सगळ्यांची गेली, आणि शेवटी रावांचीही. नवमी होती. कामाक्षी पेला उचलून आत घेऊन गेली.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये दर्शन खिडकीबाहेर बघत बसला. राव लाजेनं अर्धमेले झाले होते. घरी येऊन त्यांनी हरिप्रियेला सगळं सांगितलं, कारण बायकोपासून काही लपवणं त्यांना कधी साधलंच नव्हतं.

"एकादशी म्हणून कशाला सांगटलां?" ती घरच्या तंजावरी मराठीत म्हणाली. "आज नवमी अहे की."

"भ्यालो ग मी."

"पाणी बरं अहे म्हणून तुम्हीच सही केलां ना?"

"केलो. तरी भ्यालो." आणि त्यांनी तिला ती जुनी गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला भंगारात काम करणाऱ्या एका माणसाचे तळहात त्यांनी इस्पितळात पाहिले होते, भाजून काळेठिक्कर पडलेले. त्या ताकाकडे पाहिलं आणि ते हात आठवले.

"मग भ्यालों म्हणायचं," हरिप्रिया म्हणाली. "देवाला कशाला मधे घातलां?"

बायकोचं बोलणं रावांना लागलं. पण रात्री जेवण गेलं. भित्रेपणाची लाज वाईट खरी, पण ती माणसासारख्या माणसाची लाज आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. एवढी लाज पचवता येईल, असं त्यांना वाटलं.

काही आठवड्यांनी दर्शन एका कारखान्याच्या तपासणीसाठी ओरगडमला जाऊन आला. टेबलाशी उभा राहून तो म्हणाला, "सर, त्या कामाक्षीअम्मांचं दुकान बसलंय. कुणी फिरकत नाही. लोक म्हणतात, छोटा साहेब प्यायला कारण त्याला अक्कल नाही. मोठ्या साहेबाला सगळं ठाऊक, म्हणून तो प्यायला नाही."

रावांचं तोंड उतरलं. "धोका नाही म्हणून आपण दिलेलं पत्र लावलंय ना तिनं भिंतीवर?"

"लावलंय, सर. पत्र कोण वाचतं? सगळ्यांनी तुम्हाला बघितलं होतं." तो जरा घुटमळला. "ती आता दुकान विकायला काढणार आहे. म्हणजे, कुणी घेतलं तर."

इतकी वर्षं ज्या शब्दावर दुनिया विसंबली, तो शब्द एका पेल्यापायी मातीमोल झाला होता आणि त्याची किंमत मोजत होती एक विधवा बाई. रावांनी दुसऱ्याच दिवशी गाडी काढली. सगळ्यांदेखत ताक मागायचं, पोटभर प्यायचं, आणि त्या दिवशी मी उगाच भ्यालो असं कबूल करायचं. माफी मागायचं त्यांनी अगदी मनात घोकून ठेवलं होतं.

बाकडं रिकामं होतं. कामाक्षी एकटीच स्टोव्हपाशी बसली होती. साहेबांची गाडी पाहून शेजारचा पंक्चरवाला रामस्वामी हात पुसत आला, त्याच्या मागून थांबलेल्या ट्रकांचे ड्रायव्हर आले, आवारातले कामगार आले. रावांनी ताक मागितलं. तिनं दिलं. त्यांनी ते सगळ्यांसमोर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं आणि पेला खाली ठेवला. गर्दीत कुणी हललं नाही.

"साहेब, तुम्ही एक दिवस पिणार," रामस्वामी म्हणाला. "आम्हाला रोज प्यायचंय. त्या दिवशी का नाही प्यायलात ते सांगा."

राव घोकलेलं बोलायला तोंड उघडणार, तोच कामाक्षी उठली.

"मी या सगळ्यांना सांगून दमले, अय्या," ती साहेबांना आदरानं म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "पाण्यात काही नाही म्हणून. पाण्याची भीती असती तर त्या दिवशी सकाळी आवाराच्या मालकाच्या ऑफिसात बसून तुम्ही कॉफी घेतली असतीत का? तेच बोअर, तेच पाणी. मी म्हटलं, आम्ही कॉलनीतली माणसं. साहेब मोठ्या जातीचे. आमच्या घरचं घेत नसतील, एवढंच. हे लोक ऐकत नाहीत. मला म्हणतात, दुकान चालावं म्हणून तू स्वतःला कमी लेखतेस."

त्या मुलखात कॉलनी म्हणजे गावाबाहेर ठेवलेल्या लोकांची वस्ती. हे रावांना चांगलं ठाऊक होतं. दुकानाच्या मागे ती कॉलनीच होती, तेही त्या दिवशी गाडीतून उतरताना त्यांनी पाहिलं होतं.

आणि कॉफी. मालकाच्या ऑफिसातली, फेसाळ, डिकाशनचा वास सुटलेली. मालकानं दुसरा पेला पुढे केला तेव्हा तोही त्यांनी घेतला होता. कुणाचे भाजलेले हात तेव्हा डोळ्यांपुढे आले नव्हते. पाणी त्याच बोअरचं होतं, मीटर तोच होता, आणि त्याच मीटरवर भरवसा ठेवून ते दोन पेले प्यायले होते. बायकोला सांगितलेली ती जुनी गोष्ट खोटी नव्हती, पण ती त्या दिवशी घडली नव्हती. ती त्यांनी नंतर आणून बसवली होती, कारण भित्रं ठरणं त्यांना परवडत होतं. आपण काय आहोत हे त्या बाईनं नवमीच्या दिवशीच ओळखलं होतं. त्यांना स्वतःला मात्र ते आज कळत होतं. रावांना वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"बोला, साहेब," रामस्वामी म्हणाला. "विष की जात?"

रावांनी मान वर केली. कामाक्षी त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत रागही नव्हता. तिला फक्त उत्तर हवं होतं, कारण तिचं दुकान त्यावर अडलं होतं.

"जात," सुधींद्र राव म्हणाले. "पाणी चांगलं आहे. मीच घेतलं नाही. जातीमुळे."

एवढं बोलून ते मान खाली घालून उभे राहिले. आता कुणी शिवी देईल, कुणी अंगावर येईल, निदान तोंड फिरवून थुंकेल, आणि ते सगळं आपण निमूट सोसू, असं त्यांनी ठरवलं. पण घोळक्यातला ताण उतरला. "तेवढंच होय," कुणीतरी म्हणालं. रामस्वामी बाकड्यावर बसला, त्याच्या शेजारी दोन ड्रायव्हर बसले आणि त्यांनी चहा सांगितला. कामाक्षीनं स्टोव्ह पेटवला. कुणालाच नवल वाटलं नव्हतं.