हलक्या सुईचा हट्ट

"काका, साधीच सुई बसवा. जयंतीच्या दिवशी एकदाच तबकडी वाजवायची आहे," काउंटरवर प्लेअर ठेवत सुजाताताई म्हणाल्या.

"एकदाच म्हणून काय झालं? लग्न एकदाच करायचं म्हणून कुणालाही बोहल्यावर उभं करता का?" मी फाडकन बोललो. माझं तोंड असंच आहे. डोंबिवलीत चाळीस वर्षं रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करतोय. गिऱ्हाईक माझ्या हातासाठी येतं, तोंडासाठी नाही.

बाई कळव्याच्या, शाळेत शिक्षिका. पिशवीतून त्यांनी एक छोटी तबकडी काढली. वडील जयंतीच्या कार्यक्रमांत गायचे. वस्तीने वर्गणी काढून त्यांची दोन गाणी रेकॉर्ड करून घेतलेली. मोजक्याच प्रती निघाल्या, त्यातली ही एकच उरलेली. कॅसेट नाही, मोबाइलमध्ये काही नाही. वडील गेले, पाठोपाठ प्लेअर बंद पडला. तेव्हापासून आईने नवऱ्याचा आवाज ऐकला नव्हता. तो यंदा वस्तीत, सगळ्यांसमोर ऐकायचा होता.

प्लेअर उघडला. मोटर ठणठणीत, बेल्ट सैल. खरं दुखणं कार्ट्रिजचं. दांडीच्या टोकाला छोटीशी डबी असते, ते कार्ट्रिज. सुई त्यात बसते. तबकडीच्या खाचेतून जाताना सुई थरथरते आणि कार्ट्रिज त्या थरथरीची वीज करतं. यांचं जुन्या सिरॅमिक पद्धतीचं, आतून पार मेलेलं. वर सेलोटेपने जुना रुपया चिकटवलेला. सुई उड्या मारायला लागली की डोक्यावर नाणं ठेवायचं, हा आपल्याकडचा घरगुती उपाय. मी हसलो, रुपया काढला आणि प्लॅस्टिकच्या पुडीत घालून परत दिला.

"बाबांचा आहे तो," त्या म्हणाल्या.

"मग जपून ठेवा," मी म्हणालो. का काढला, ते सांगितलं नाही.

पर्याय दोन होते. तसलंच सिरॅमिक मिळत होतं. सुईचं टोक गोल, आवाज डब्यातून आल्यासारखा, पण दांडगं. कितीही वजन टाका, तक्रार नाही. दुसरं मॅग्नेटिक. टोक लंबगोल, खाचेच्या कानाकोपऱ्यात शिरतं, दबलेला सूरही वर काढतं. पण दोन ग्रॅमच्या वर भार सोसत नाही. शिवाय त्याची वीज इतकी मिणमिणती, की मध्ये आवाज वाढवणारा छोटा प्रीअँप लागतो.

सुजाताताईंनी भावाला, प्रदीपला, फोन लावून दिला. "काका, स्टेजवर वाजणार आहे. जरा मजबूत बघा ना."

"मजबूत बघायला तो काय टेम्पो आहे? वडिलांचा आवाज नीट ऐकायचाय ना? मग मी सांगतो ते लावा."

बिचाऱ्यांनी ऐकलं. त्या माणसाने बरोबर उत्तर आयतं माझ्या हातात दिलेलं, आणि मी आपलंच घोडं दामटलं.

मॅग्नेटिक बसवलं. दांडीच्या मागचं वजन फिरवून भार बरोब्बर दोन ग्रॅमवर आणला. ट्रायल घेतली, आणि दुकानात सुजाताताईंचे वडील गायला लागले. भरदार, किंचित नाकातला आवाज. मागे ढोलकी. शेवटच्या कडव्याआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. मी दोन्ही बाजू ऐकल्या आणि स्वतःवरच खूश झालो. शेजारी कॉम्प्युटर चालू होता. वायर ड्रॉवरमध्ये. ती जोडायला दोन मिनिटं लागली नसती, वाजता वाजता दोन्ही गाणी उतरली असती. पण ते काम कोणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगितलेलं काम मी करायचो नाही. शिस्त म्हणे! आग लागो त्या शिस्तीला.

न्यायला सुजाताताई आल्या. मी बजावलं, "मागच्या वजनाला हात लावायचा नाही. अजिबात."

"तुम्हीच या ना काका लावायला. आईला बरं वाटेल."

"मी असा कुठे जात नाही." जयंतीला माझं दुकान बंदच होतं. घरी टीव्ही बघत बसलेलो.

दोन दिवसांनी प्रदीप आला. प्लेअर काउंटरवर ठेवला आणि तबकडी माझ्या हातात दिली.

"स्टेज लाकडी होता काका. गाणं सुरू झालं तशी पोरं वर चढून नाचायला लागली. सुई उडायला लागली. आई म्हणाली, अरे, रुपया ठेव, तुझे बाबा ठेवायचे. तिनेच ठेवला. थोडं वाजलं, मग नुसती खरखर. म्हणून बाजू पालटून पाहिली. मागच्या वजनाला कोणी हात नाही लावला हां. तुम्ही सांगितलेलं."

भिंग लावलं. सुई ज्या नळीवर असते ती मोडलेली. उरलेल्या पत्र्याच्या खुंटाने तबकडी नांगरून काढलेली, दोन्ही बाजूंनी.

"काही होईल?"

"नाही."

एरवी मी गिऱ्हाइकावर ओरडलो असतो. कुणावर ओरडणार? साध्या सिरॅमिकने तो रुपया सोसला असता, वर्षानुवर्षं सोसतच होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. इथे बैलही दुसऱ्याचा होता.

पुढच्या आठवड्यात सुजाताताई आईला घेऊन आल्या. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हातारी स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणे दोन्ही गाणी पुरी ऐकली. कसे गायले हो?"

"छान," मी म्हणालो. ती आणखी काही ऐकायला माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

आता कार्ट्रिज निवडण्याआधी मी विचारतो, घरी प्लेअर लावतं कोण आणि कसं? कार्ट्रिज तबकडीच्या तोलाचं असून भागत नाही, लावणाऱ्या हाताला झेपणारं लागतं. एवढं शिकायला मला चाळीस वर्षं लागली, आणि नुकसान कळव्याच्या एका म्हातारीचं झालं.