हात पोचेल अशी नळी

रंभाचा दिवस लॉरीच्या बॉनेटपासून सुरू होई. चुलीवर चहाचं आधण ठेवलं की ती दाराशी उभ्या असलेल्या लॉरीकडे जाई, बॉनेट वर करी, इंजिनातलं तेल मोजायची लोखंडी पट्टी उपसून काढी, जुन्या लुगड्याच्या फडक्याने पुसे, परत आत घाली, परत काढी आणि उजेडाकडे धरून बघे. मग आत बसलेल्या नवऱ्याला, काशीरामला, ऐकू जाईल इतक्याच आवाजात एक शब्द बोले. तेल पुरेसं असलं तर "हाय". कमी असलं तर "नाय".

मिस्त्री लोक त्या पट्टीला गेज म्हणतात. रंभा काठी म्हणायची. तिचं माहेर गव्हाणचं, मिठागरातलं. वाफ्यात पाणी किती चढलं ते खुणेच्या काठीने बघायचं काम तिने लहानपणापासून केलं होतं. खाऱ्या पाण्यात उभं राहून तिच्या टाचांना ज्या भेगा पडल्या, त्या लग्न होऊन पनवेलला आल्यावरही बुजल्या नाहीत.

काशीरामने दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात ही लॉरी घेतली. गव्हाणचं मीठ भरायचं आणि घाट चढून पुण्याला टाकायचं, हा त्याचा धंदा. एकदा तेल बघायचं राहिलं आणि इंजिन घाटात जाम झालं. तो दोन दिवस खोपोलीला अडकून पडला आणि घरी निरोप नाही. तेव्हापासून ते काम रंभाने आपल्याकडे घेतलं. रोज तीच गोष्ट बघायचा पुरुषांना कंटाळा येतो. बायकांनाही येतो, पण त्या बघतात.

मग गोदूचं लग्न झालं. गोदू त्यांची एकुलती एक मुलगी. रंभाने एकच गोष्ट मनाशी धरली होती: पोर मिठात उभी राहणार नाही. काशीरामने गव्हाणलाच, मिठागरवाल्यांच्या घरी, चहा पिता पिता शब्द देऊन टाकला. मुलगा चांगला होता, माणसं ओळखीची होती. बायकोला विचारायचं तेवढं राहिलं.

रंभा भांडली नाही. तिने लग्न लावलं, पोरीला वाटेला लावलं आणि नवऱ्याशी बोलणं बंद केलं. त्याला तीन वर्षं झाली होती. सांगायचंच असलं तर ती मांजरीला सांगायची. "सांग गो त्यांना, भाकरी झाकून ठेवलीया." मांजर ऐकायची आणि काशीराम उठून भाकरी घ्यायचा. थेट त्याच्यासाठी असा शब्द दिवसातून एकच, सकाळचा. तो मात्र तिने चुकवला नाही, कारण त्या शब्दावर माणूस घाट चढणार होता.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात जुनं इंजिन थकलं. ते पेट्रोल पिऊन धूर ओकायला लागलं, तेव्हा काशीरामने ते काढून डिझेलचं बसवायचं ठरवलं. लॉरी पुणे रस्त्यावर रहीम मिस्त्रीच्या चिंचेखाली जाऊन उभी राहिली. दारातली जागा रिकामी झाली आणि सकाळचा शब्दही गेला. रंभा चहा ठेवी, दारापर्यंत येई, मोकळ्या जागेतला तेलाचा काळा डाग बघे आणि मागे फिरे.

आठव्या दिवशी नवं इंजिन जागेवर बसलं. काशीरामने वाकून बघितलं आणि विचारलं, "मिस्त्री, गेज कुठं हाय?"

रहीम मिस्त्री पन्नाशीचा, बारीक अंगाचा. त्याने पान्याने खाली दाखवलं. हे इंजिन दुसऱ्या कुठल्या गाडीसाठी केलेलं. गेजची नळी इथे सायलेन्सरच्या पाइपाखाली गेली होती आणि होतीही वीतभरच.

"गाडीखाली सरकायचं, हात घालायचा, बघायचं. तुला जमेल."

"तिला कसं जमंल?"

"कुणाला?"

काशीराम जुन्या लुगड्याच्या फडक्याने बॉनेटची कडा पुसायला लागला.

"भाभी अजून बोलत नाहीत काय तुझ्याशी?"

"बोलते की."

"काय बोलतात?"

"हाय, नाय."

रहीम हसला. "नशीबवान आहेस. आमची हुस्नबानो पहाटे फजरच्या नमाजापासून सुरू होते ती दिवा मालवेपर्यंत."

"आठ दिस झाले," काशीराम म्हणाला. "आता तेवडं पन नाय."

रहीमने पाना खाली ठेवला. वाकून नळी बघितली आणि म्हणाला, "नळी वाढवायची म्हणजे सांधा आला. सांधा आला म्हणजे गळतीची भीती. घाटात इंजिन तापलं की आतला वारा तेल बाहेर फेकतो. ते या गरम पाइपावर पडलं तर तू आणि तुझं मीठ, दोन्ही भाजून निघाल."

"मंग गलनार नाय असं कर."

"हुकूम सोपा आहे तुझा. त्यांचा हात कुठवर पोचतो, माप आण."

विचारायची तर सोय नव्हती. त्या दुपारी रंभा तळ्यावर गेलेली असताना काशीराम घरी आला. परसात धुणं वाळत घालायची तिची बांबूची दांडी होती, ती तिच्या हाताच्या बेताने बांधलेली. काशीरामने जमिनीपासून दांडीपर्यंत सुतळी धरून गाठ मारली. मग ती चहाचा डबा ठेवायची ती फळी मोजली. ती आत किती खोलवर हात घालते ते त्याने डब्याच्या जागेवरून ओळखलं आणि दुसरी गाठ मारली. मांजर सगळं बघत होती.

रहीमने त्या दोन गाठींवर काम केलं. जुनी नळी वरून कापली, तिला तेवढ्याच जाडीची तांब्याची नळी जोडली, सांध्यावर बाहेरून जराशा रुंद नळीचा एक आखूड तुकडा चढवला. कथलाचा डाख त्याने लावला नाही, पाइपाच्या धगीने तो पातळ झाला असता. गॅसच्या ज्योतीवर पितळ वितळवून त्याने सांधा भरला. मग नळीत वाळू ठासून तिला हळूहळू बाक दिला, म्हणजे ती चेपली नाही, आणि पाइपाला वळसा घालून तिचं तोंड बॉनेटच्या कडेशी आणलं. वाळू झटकून नळी आतून तीनदा धुतली. इंजिनात शिरणाऱ्या टोकाला स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे लाख, लावून सुताचे चार वेढे दिले, वर परत चपडा. गेजची पट्टीही वाढवायला हवी होती. नळीवरून सुतळी फिरवून त्याने लांबी घेतली आणि तेवढा तुकडा वर जोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंभा डबा घेऊन आली. या दिवसांत ती रोज यायची आणि डबा रहीमच्या हातात द्यायची. "रहीमभाई, गोदूच्या बापाला द्या." गोदूचा बाप चार हातांच्या अंतरावर उभा असायचा.

आज रहीम इंजिनात तेल ओतत होता. ती बाजूला थांबली. दोन डबे पूर्ण गेले, तिसरा अर्धा.

"इंजिनाचं माप एवढंच," रहीम म्हणाला. "बघा भाभी, हात पोचतो का."

रंभाने बॉनेटच्या आत बघितलं. नळीचं तोंड बरोबर तिच्या हाताखाली होतं. ती एकदा नळीकडे आणि एकदा काशीरामच्या पाठीकडे बघत राहिली. तो दूर जाऊन चाकाचे नट उगाचच तपासत होता. तिने पट्टी काढली, पुसली, घातली, परत काढली.

तेल पट्टीवरच्या भरल्याच्या खुणेच्याही वर, बोटभर वर, लागलं होतं.

रहीमने बघून कपाळाला हात लावला. "जास्त झालं. काढायला लागेल बोटभर." तो खालचा बोल्ट सोडवायला वाकला.

"काढू नका," रंभा म्हणाली. "तेल जास्ती नाय. तुमी मापून ओतलंत, मी बघितलं. काठी खोल गेलीया."

"सुतळीने मोजून जोडलीय, भाभी."

"वाफ्यात काठी चिखलात रुतली की पानी जास्ती दिसतं. आमी लहानपनी तसंच फसायचो. नलीला बाक हाय ना? सुतली बाकाच्या भायेरून फिरली आसंल. काठी आतून, जवलच्या वाटंनी गेली."

रहीम तसाच वाकलेला राहिला. मग सरळ होऊन त्याने नळीच्या बाकावरून बोट फिरवलं, आधी बाहेरून, मग आतून. "हे काढलं असतं," तो म्हणाला, "तर उद्या घाटात गेज भरलेला दाखवत राहिला असता आणि इंजिन कोरडं पडलं असतं."

काशीराम जवळ येऊन उभा राहिला होता. तीन वर्षांत एवढी वाक्यं त्याच्या कानावर आली नव्हती. ती त्याच्यासाठी नव्हती, पण मांजरीसाठीही नव्हती.

"जुनी खून पुसा," रंभा म्हणाली. "माप बरोबर पडलंय तर आता जितं तेल लागलं तितं नवी करा."

रहीमने कानस घेतली. पट्टी कुणीतरी धरायला हवी होती. काशीरामने दोन्ही हातांत धरली. रंभाने तेलाच्या कडेवर अंगठ्याचं नख टेकवलं. कानस लागली तशी पट्टी थरथरली.

"हलवू नका," रंभा म्हणाली. "नीट धरा."

त्या शब्दांच्या मध्ये ना रहीमभाई होता, ना "गोदूचा बाप". काशीरामने श्वाससुद्धा धरून ठेवला. रहीमने मान वर केली नाही, पण एका खाचेला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ घेतला.

मग इंजिन अर्धा तास चालू ठेवलं. सांध्याखाली कोरा कागद धरला. तो कोराच राहिला.

दुसऱ्या सकाळी लॉरी दारात होती. रंभाने चहाचं आधण ठेवलं, बॉनेट वर केलं, काठी काढली, पुसली, घातली, काढली.

"हाय," ती म्हणाली.

काशीराम चहा पिऊन बाहेर आला. एरवी ती एवढ्यात आत गेलेली असायची. आज ती मडगार्डापाशी उभी होती. तिच्या हातात केळीच्या पानात बांधलेला कोकमाच्या तेलाचा गोळा होता. गोदूच्या टाचांसाठी असा गोळा ती महिन्याला बाजारातल्या गव्हाणच्या बायांबरोबर धाडायची.

"गव्हानला जानार ना?"

"व्हय."

"रातच्याला गरम करून भेगांत भराय सांगा. आनि पाय बघून या. तिला इचारू नका, ती बरंच हाय म्हननार. तुमी बघा."

काशीरामने गोळा घेतला. तो कुठे ठेवावा ते त्याला सुचेना. इंजिनाच्या धगीने वितळू नये म्हणून शेवटी त्याने तो स्वतःच्या टोपीत गुंडाळला आणि शेजारच्या सीटवर ठेवला.

"बघतो," तो म्हणाला आणि लॉरी चालू केली.