आक्का दगडी छपराखाली झोपली

"मला अनुभव आला" असं डोळे मिटून सांगणाऱ्या माणसांपासून मी आजवर चार हात लांब राहत आलो. एक तर त्यांच्या अनुभवात देव नेहमी त्यांच्याच सोयीने वागतो, आणि दुसरं म्हणजे सांगून झाल्यावर ते आपल्या चेहऱ्यावर मार्क शोधतात. आता मीच लिहायला बसलो आहे, तेव्हा आधीच कबूल करतो की यात कुणी प्रकट झालं नाही की प्रकाश दिसला नाही. एक स्टीलचा ग्लास पडला, एवढंच. तो का पडला हे मला आजही माहीत नाही. पण तो पडला म्हणून मी हे लिहायला उरलो आहे.

मी नांदेडला एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. ही हकिगत घडली त्या वर्षांत लातूर आणि नांदेड या दोन गावांत डॉक्टर-इंजिनिअर होण्याची अशी काही लाट आली होती की सकाळी सहाला रस्त्यावर दुधवाल्यांपेक्षा दप्तरवाले जास्त दिसायचे. आमच्या संचालकांनी चौकात माझा वीस फुटी फोटो लावला होता. खाली लिहिलं होतं, "केमिस्ट्रीचा बादशहा". डोक्यावर कॉम्प्युटरने मुकुटही काढला होता. मी दुसऱ्या रस्त्याने जायला लागलो, पण मनात कुठेतरी तो मुकुट थोडा बसला असावा. पुढच्या हकिगतीत तो कामाला आला, म्हणजे आडवा आला.

आक्का माझी थोरली बहीण. लातूर जिल्ह्यातल्या एका गावात दिली होती. गणपती बोळवून लोक झोपले होते त्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा दाजी आणि सासू-सासरे घरात होते. दोन-दोन हात रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. आक्का तेवढी गोठ्यात होती, कारण म्हैस व्यायला आली होती. गोठ्यावर पत्रे होते. नंतर ती माझ्याकडे नांदेडला आली, आणि तेव्हापासून बारा वर्षं गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्येच झोपली. थंडी, पाऊस, माझी विनवणी, डॉक्टरांच्या गोळ्या, कशानेही ती स्लॅबखाली डोळा मिटत नव्हती. निजताना दार लोटलेलं, फटीत चप्पल अडकवलेली. कारण त्या पहाटे कितीतरी घरांची दारं चौकटीत आवळून बसली होती. आणि उशाशी तांब्या उपडा घालून त्याच्या बुडावर ग्लास उपडा ठेवायचा. जमीन जरा हलली की तो पडणार आणि जाग येणार. भूकंपानंतर आमच्याकडे घरोघरी असे ग्लास असायचे. इतरांचे हळूहळू मांडणीवर परत गेले. आक्काचा गेला नाही.

तर गल्लीतल्या भजनी मंडळाची एक बाई उत्तराखंडात तुंगनाथला जाऊन आली. बर्फातल्या महादेवाचे फोटो तिने सगळ्यांना दाखवले. आक्काने मला फोटो दाखवला नाही, सरळ हुकूम दिला. "दिवाळीच्या सुट्टीत मला तिथं न्यायचं. त्या बाईचं गुडघं माझ्याहून खराब हायत, तरी बी ती जाऊन आली." संचालकांनी किडनी काढून द्यावी तशी आठ दिवसांची रजा दिली. नांदेडहून दिल्ली, दिल्लीहून हरिद्वार, मग जीपने वर वर. हरिद्वारला आक्का धर्मशाळेच्या व्हरांड्यात झोपली, ऊखीमठला लॉजच्या गॅलरीत. माझा बेत साधा होता: पायथ्याच्या चोपत्याहून सकाळी चढायचं, दर्शन घ्यायचं, अंधाराच्या आत खाली यायचं.

बेत कसले राहतात! मी सगळं आयुष्य पठारावर काढलेला माणूस. देवदार संपले, मोकळी कुरणं लागली आणि एका वळणावर सगळी बर्फाची रांग एकदम समोर उभी राहिली, तेव्हा मी चक्क ओरडलो. आक्का तर पोरीसारखी टाळ्या वाजवत होती. दहा पावलं चालायची, थांबायची, "आगं माय, ते बघ, ते बघ!" म्हणायची, पुन्हा दहा पावलं. खेचर करू म्हटलं तर म्हणाली, "देवाकडं दुसऱ्याच्या पायानं जाऊ व्हय?" मला धाप लागली होती, नाकातून पाणी वाहत होतं, आणि इतकं हसू येत होतं की कारण सांगता आलं नसतं. या सगळ्या आनंदात चार तासांची चढण सात तासांची झाली. वर पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते, ढग उतरले होते आणि बारीक बर्फ भुरभुरायला लागला होता. आता खाली जाणं शक्यच नव्हतं.

देवळाच्या अलीकडे पाच-सहा दगडी बांधकामं होती. त्यातल्या एकावर "डीलक्स हॉटेल" अशी पाटी होती. डीलक्स म्हणजे तीन खोल्या आणि एक चूल. मालकीण पन्नाशीची, गोल गालांची, कानात भरघोस सोनं घातलेली पहाडी बाई. तिने खोली उघडली, आणि आक्का उंबऱ्यातच थिजली. जाड दगडाच्या भिंती, मातीने सांधलेल्या. वर दगडी पाट्यांचं छप्पर. तिचं सासरचं घर समुद्रसपाटीपासून अकरा-बारा हजार फुटांवर कुणी पुन्हा बांधून ठेवावं, तसं.

"मी भाईर बसते," ती म्हणाली.

बाहेर व्हरांडा नव्हता. रात्री पाणी गोठतं असं मालकीण सांगत होती. साठीची बाई, दमलेली, ओठ निळसर पडलेले. बाहेर बसली तर सकाळ बघणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी समजावलं, रागावलो, शेवटी हात जोडले. मालकीण म्हणाली, "माताजी, ये दीवार मेरे दादा-ससुर ने बनाई है।" आक्का आमच्या नांदेडी हिंदीत म्हणाली, "मेरे ससुरने बी बनाए थे ना बाई। उनोच नीचे रह गए।"  मालकिणीने दाराबाहेर लाल निखाऱ्यांची शेगडी आणून ठेवली, "यहीं सेंक लेना, अंदर मत ले जाना" असं मला बजावलं आणि आरतीच्या तयारीला देवळात गेली.

मी बादशहा. मला वाटलं, खोली उबदार झाली की आक्काची भीती आपोआप वितळेल. मी शेगडी उचलली आणि आत नेली. खिडकी गच्च लावली. बाहेरची थंडी सोसेना तेव्हा आक्का आत आली. आधी ग्लास मांडला, मग दाराच्या फटीत चप्पल सारली. मी ती काढली आणि कडी घातली. वारा येत होता. "बाळंतिणीगत लाड करून राहिलास की रे," आक्का म्हणाली. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असतेच. पण कौलारू खोलीला शंभर फटी असतात, हे दोघांनाही आठवलं नाही.

आणि खरंच, ती हळूहळू सैल पडली. खाटेवर टेकली. डोळे मिटले. बारा वर्षांत पहिल्यांदा दगडी छपराखाली! मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं. डोकं दुखत होतं, पण उंचीवर दुखतंच असं मी मनाशी म्हणालो. हात जड झाले होते. थकवा, दुसरं काय. मीही आडवा झालो. रंग नसलेला, वास नसलेला, रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटीने चिकटणारा तो कार्बन मोनॉक्साइड मी दरवर्षी शेकडो मुलांकडून पाठ करून घेतो. त्यावर हमखास प्रश्न येतो. माझ्यासमोर तो आला तेव्हा मी पांघरूण ओढून घेतलं.

मग ठण्ण आवाज झाला. फरशीवर ग्लास घरंगळत गेला.

"हाललं! ऊठ रे, हाललं!" आक्काचा आवाज मला विहिरीच्या तळाशी ऐकू यावा तसा आला. उठायचं आहे हे कळत होतं, पाय माझे नव्हते. तिचेही नसणार, ती दोनदा पडली. पण बारा वर्षं रोज रात्री मनातल्या मनात जी धाव घेत आली होती, तीच तिने घेतली. माझी कॉलर धरून फरफटत दारापर्यंत नेलं, कडीवर दोन्ही मुठी मारल्या, आणि आम्ही दोघे बर्फात पालथे पडलो. मला उलटी झाली. देवळात आरतीच्या घंटा वाजत होत्या. ती हवा! माझ्या छातीत सुया टोचत आत गेली, आणि इतकी गोड गोष्ट मी जन्मात चाखली नव्हती.

मालकीण धावत आली. खोलीत डोकावली, निखारे दिसले, आणि तिने ती शेगडी लाथेने बाहेर उडवली. मग माझ्याकडे वळली.

"पढ़े-लिखे हो?"

"केमिस्ट्री पढ़ाता हूँ," मी कसंबसं म्हणालो.

"तो मत पढ़ाओ।"

आक्का मात्र जमिनीला हात लावून विचारत होती, "हालली ना जमीन? हालली ना बाई?" कुणालाही काही जाणवलं नव्हतं. आरतीतला पुजारी, शेजारचा चहावाला, कुणालाच नाही. देवळातल्या काठोकाठ तेलाच्या समया तशाच होत्या, थेंबही सांडला नव्हता. चुलीपाशी बसवून मालकिणीने आम्हाला मीठ-लोण्याचा चहा पाजला, शिव्या देत देत, एका पाठोपाठ एक. तासाभराने माझं डोकं ताळ्यावर आलं आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. मी खोलीत जाऊन तांब्या उपडा घातला, वर ग्लास ठेवला, फरशीवर पाय आपटला. पडला नाही. दार आपटलं. पडला नाही. खाट हलवली, पुन्हा उडी मारली. पाचव्यांदाही ग्लास जागचा हलला नाही.

"परीक्षा कुणाची घेऊन राहिलास?" दारातून आक्का म्हणाली. मी थांबलो.

मालकिणीने सुचवलं की माताजींनी चुलीपाशी तिच्याजवळ बसून रात्र काढावी. आक्काने मान हलवली. "न्हाई. मी आत झोपते." मला वाटलं, वायूचा परिणाम अजून उतरला नाही. तिने स्वतः खिडकी उघडली, दार सताड उघडं टाकलं, तांब्या-ग्लास पिशवीत भरला आणि चार रजया अंगावर घेऊन त्या दगडी छपराखाली सरळ आडवी झाली.

"आक्का, भीती नाही वाटत?"

"वाटायची. बारा वर्षं वाटायचं, सगळं जग झोपतंय आन् मी एकलीच जागी हाय. मी डोळा मिटला की सपलं." तिने रजई हनुवटीपर्यंत ओढली. "आज मी झोपले व्हते की रे. तू कडी लावून झोपला व्हतास. तरी बी कुणीतरी जागं व्हतंच."

दोन मिनिटांत ती घोरायला लागली. मी बराच वेळ तिचा श्वास मोजत बसलो, सवय. मग माझ्या लक्षात आलं की तिने जे खाली ठेवलं ते मी उचलून बसलो आहे. उघड्या खिडकीतून थंडी येत होती, ढग फाटले होते आणि चांदण्या इतक्या जवळ होत्या की लाज वाटावी. मी आडवा झालो आणि आयुष्यात कधी झोपलो नव्हतो तसा झोपलो.

पहाटे आक्कानेच मला हलवून उठवलं. "ऊठ, ऊठ, सोनं सांडलंय भाईर!" उरलेसुरले ढगही निघून गेले होते. एकामागून एक शिखरं पेटत होती, आधी टोक, मग खांदे. आम्ही दोघे अंगावर रजया घेऊन अंगणात उभे होतो, आणि मालकीण आमच्याकडे बघून हसत होती. आक्काने तिला घट्ट मिठी मारली. दोघींना एकमेकींची अर्धी भाषा कळत नव्हती. तरी दोघी एकाच वेळी बोलत होत्या.

देवळात गर्दी नव्हती. पुजाऱ्याने नाव विचारलं, गोत्र विचारलं आणि हातात पाणी देऊन म्हणाला, "मनोकामना बोलिए।" मी आक्काकडे पाहिलं. एवढ्या लांब, एवढ्या वर, एवढ्या वर्षांनी. मागायला तिच्याकडे बरंच काही असणार होतं.

"कुछ नै महाराज," आक्का म्हणाली, "मिलने आए थे।"

पुजाऱ्याने मग माझ्याकडे पाहिलं. मी आजवर शेकडो मुलांना एकच गोष्ट शिकवत आलो, की काय हवं ते नेमकं ठरवा आणि त्यामागे लागा. तिथे माझ्याजवळ काही नेमकं नव्हतं. शेजारी माझी बहीण उभी होती, रात्रभर झोपलेली, ताज्या चेहऱ्याची. मी पाणी सोडलं, डोकं टेकवलं आणि उपकार मानले. कुणाचे, ते मला विचारू नका. मानले, एवढं खरं.