झाकणाच्या आतला त्रिकोण

रंगभूमी सुटल्यावर माझ्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या, आणि त्या मी सेकंदरावांच्या दुकानातल्या तीन पायांच्या स्टुलावर घालवल्या. सेकंदराव हे नाव गल्लीने ठेवलेलं. लोक ट्रंकेच्या तळाशी वर्षानुवर्षं पडलेली घड्याळं त्यांच्याकडे आणायचे. तबकडी पिवळी, काटे गंजलेले, आत तेलाचा डिंक झालेला. सेकंदराव ती मनगटावर घालण्याजोगी करून द्यायचे. डोळ्यात भिंग अडकवलं की हा माणूस भूमिकेत शिरायचा. मग समोर राजा आला तरी उठायचा नाही.

नंबर लागत नव्हता तो एकाच घड्याळाचा. बायकोच्या.

"अहो, माझं मागे पडतंय," वहिनी म्हणायच्या.

"ठेव तिथे. घरचंच आहे, बघतो."

ते महिनोन् महिने फळीवर पडून राही. मग एक दिवस वहिनींच्या हातावर टिकटिकत असे, आणि सेकंदराव हसून म्हणत, "बघ, झालं ना आपोआप चालू! चांगलं यंत्र रुसतं आणि आपणहून हसतं." वहिनीही हसायच्या. आता वाटतं, आमच्या अख्ख्या कंपनीत तसं हसून दाखवणारी एक नटी नव्हती.

वहिनी गेल्या. लेकीने घरातलं फक्त ते घड्याळ उचललं आणि चार वर्षं बापाचा उंबरा चढली नाही. मग एके दिवशी अचानक दुकानात आली. घड्याळात पाणी शिरून ते बंद पडलं होतं.

"बाबा, आईचं आहे. जमलं तर करा. न्यायला येईन तेव्हा जेवूनच जाईन."

ती गेल्यावर सेकंदराव माझ्याकडे बघत राहिले. "जेवून जाईन म्हणाली ना? तुम्हीही ऐकलंत ना?"

"ऐकलं हो. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं."

त्यांनी बाकीची सगळी कामं बाजूला सारली. पहिल्यांदाच. झाकण उघडलं आणि त्यांचा चिमटा हवेतच राहिला.

या धंद्यात एक रीत आहे. दुरुस्ती झाली की कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण आणि तारीख कोरतो. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. पुढच्या कारागिराला कळावं, एवढ्यासाठी असते. दुसऱ्याची खूण पुसायची नाही, हे सेकंदरावांनीच मला कितीदा ऐकवलं होतं.

त्या झाकणात पाच तारखा होत्या. प्रत्येकीच्या बाजूला इवलासा त्रिकोण. त्रिकोण ही समोरच्याची खूण. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा घड्याळवाला. पाटीवरून भांडण झाल्यापासून वीस वर्षं दोघांचं बोलणं बंद.

"आपोआप," सेकंदराव एवढंच म्हणाले.

मग महिनाभर त्यांनी जीव ओतून काम केलं. चक्राची तुटलेली आस स्वतः घडवली. काटे तापवून निळेभोर केले. शेवटच्या दिवशी दुपारी शटर अर्धं खाली ओढून ते झाकण पॉलिशच्या चकतीवर धरून बसले. मला वाटलं, बाहेरून चमकवतायत. ते आतून घासत होते. माझ्या लक्षात आलं तेव्हा एक त्रिकोण शिल्लक होता. मी तोंड उघडायला हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बोललो. ऐन वेळी स्वतःचं एक सुचलं नाही.

रविवारी लेक आली. आतल्या खोलीत ताटं मांडलेली, स्वयंपाक सेकंदरावांनी स्वतः केलेला. तिने घड्याळ कानाला लावलं आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. मनगट पुढे करत म्हणाली, "बांधा." त्यांनी पट्टा हातात घेतला.

"थांबा. आधी झाकण उघडून दाखवा ना. त्या तारखा बघायच्यात. लहानपणी आई न्यायची मला समोर. मी तिचा पदर धरून उभी असायचे."

सेकंदराव पट्ट्याचं बक्कलच चाचपत राहिले. तिने स्वतःच चाकूचं पातं घेऊन झाकण उघडलं. आत लख्ख आरसा.

"तुम्ही पुसलंत?"

"अगं, घाण होती... गंज..."

"बाबा, आईने जन्मात एकच तक्रार लिहून ठेवली होती. तीही दुसऱ्याच्या हाताने. तेवढीसुद्धा नाही राहू दिलीत?"

तिने घड्याळ मखमलीवर ठेवलं आणि मला नमस्कार करून निघून गेली. ताटं तशीच होती.

सेकंदराव उठले, वीस वर्षांत पहिल्यांदा रस्ता ओलांडून गेले. मी मागोमाग. समोरचा आता थकलेला, नजर अधू झाल्यामुळे नुसते सेल आणि पट्टे बदलून देतो.

"त्या तारखा," सेकंदराव म्हणाले. "वहीत असतील ना? पुन्हा कोरतो. जशाच्या तशा."

"वही कुठली? झाकणातच काय ते. तुम्हीही तसंच करता की." तो घुटमळला. "गल्लीत कुणाला बोललो नाही मी. वहिनींनी शब्द घेतला होता."

"काय म्हणायची ती?"

"काही नाही हो. दर वेळी तेच. 'ह्यांना फार काम असतं.'"

सेकंदराव परत आले आणि आपल्या जागेवर बसले. ते घड्याळ ते रोज सकाळी चावी देऊन चालू ठेवतात. एक सेकंद मागे पडत नाही. घालणारं कुणी नाही.