बजरंग फिटरचा माफीनामा

कामशेतच्या बाजारात बजरंग फिटर चहाला बसला की टपरीवाला दुसरा कप न सांगताच ठेवायचा. एका कपात त्याची गोष्ट कधी संपत नसे. बावीस वर्षं त्याने मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली होती. नोकरी संपवून तो आंदर मावळातल्या आपल्या गावी परतला, तेव्हा घरासाठी भला मोठा टीव्ही आणला, बायको अनितासाठी अत्तराच्या बाटल्या आणल्या आणि गावासाठी एक बंड आणलं. बंड फिलिपिन्समधलं होतं, पण बजरंग ते घरच्यासारखं सांगायचा.

त्याला ते रोडेलने सांगितलं होतं. रोडेल त्याच्याबरोबर ऑइलर, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारा होता, फिलिपिन्समधल्या बोहोल नावाच्या बेटावरचा. पावणेतीनशे वर्षांपूर्वी तिथे स्पॅनिश लोकांचं राज्य होतं आणि गावोगावी त्यांच्या पाद्र्यांचा हुकूम चाले. असाच एक पाद्री. त्याने गावच्या शिपायाला, धर्म सोडून गेलेल्या एका माणसाला धरून आणायला पाठवलं. मारामारी झाली आणि शिपाईच मेला. पाद्री म्हणाला, हा द्वंद्वात मेला, याला आमच्या दफनभूमीत जागा नाही. प्रेत तीन दिवस तसंच पडून राहिलं. शिपायाचा भाऊ होता दागोहोय. तो तीन हजार माणसं घेऊन डोंगरात शिरला, तो परत खाली आलाच नाही. तो मेल्यावरही त्याची माणसं लढत राहिली.

“पंच्याऐंशी वर्सं!” बजरंग बाकड्यावर थाप मारायचा. “माणसाला माती दिली न्हाई, म्हून पंच्याऐंशी वर्सं!” त्याचा आव असा, जणू दागोहोयच्या पाठोपाठ पहिला डोंगर हाच चढला होता. ऐकणारे हसायचे, पण ऐकायचे. बाजाराला आलेली ठाकरवाडीची माणसंही डोक्यावरचं ओझं न उतरवता ऐकत उभी राहायची.

आता जे तो टपरीवर सांगत नसे, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी बजरंगने डोंगराकडचा आपला तुकडा मुंबईच्या एका शेठना फार्महाउससाठी विकला. त्या तुकड्याच्या वरच्या अंगाला, उंबराखाली, ठाकरवाडीची माणसं आपली मयतं पुरत. सातबाऱ्यावर त्याची नोंद नव्हती. बजरंगच्या आज्याने ती जागा तोंडी दिली होती, की आज्याच्याही आधीपासून ती त्यांचीच होती, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. थडग्यांना नाव नाही, घडण नाही. माणसामागे एक ओबडधोबड दगड, बस्स. जमीन बघताना शेठनी विचारलं, “हे दगड कसले?” आणि बजरंग म्हणाला, “वावरातले येचून टाकल्यात.”

खोटं बोलायचं असं ठरवून तो गेला नव्हता. गिऱ्हाईक बिचकेल अशी धास्ती वाटली आणि जिभेवर आलं ते बोलून मोकळा झाला. त्याच आठवड्यात कान्हू ठाकराची बायको चिंगी त्याच्याकडे भात कापायला आली होती. वाकल्या वाकल्या तिने विचारलं, “भाऊ, आमची जागा सोडली ना त्यातनं?”

“व्हय गं. तुमची जागा कुटं जाती?”

चिंगीने मान डोलावली आणि पुढची मूठ कापली. यंदा तिथे कुंपण पडलं, मोठं लोखंडी गेट बसलं, तेव्हा वाडीत कुजबुज झाली. तेव्हाही चिंगीच म्हणाली, भाऊंनी सांगितलंय. तिला तेवढं पुरेसं होतं.

मग मार्गशीर्षात चिंगीच गेली. चार दिवस ताप होता, पाचव्या दिवशी पहाटे संपली.

बजरंग खळ्यावर भात झोडत होता. चिंगीची मुलगी संगीता आली आणि बांधावरच उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते. “भाऊ, आई गेली. तिला घिऊन आमी गेटापाशी बसलोय. वॉचमन आत सोडत न्हाई. तुमी शेठला सांगा.”

बजरंगने फोन लावला. शेठ चांगल्या घरचे, मवाळ बोलणारे. त्यांनी शांतपणे विचारलं, “बजरंगराव, तिथे स्मशान आहे असं तुम्ही कधी बोलला होतात का?” “न्हाई,” बजरंग म्हणाला. शेठ म्हणाले, त्यांना दुसरीकडे सोय करायला सांगा.

आणि बजरंग खरोखरच तसं सांगायला निघाला! माणूस अडचणीत आला की पायाखाली पहिली सापडेल ती पळवाट धरतो. गेटाबाहेर वाडीतली चाळीसेक माणसं बसली होती. मधोमध बांबूच्या ताटीवर चिंगी, हिरव्या लुगड्यात. तिच्या उशाशी कान्हू. बजरंग त्याच्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, “कान्हू, वरच्या माळावर जागा हाय. मी सोता माणसं लावतो, खड्डा काढून देतो.”

कान्हूने वर पाहिलं. “तितं कोण हाय आमचं?”

कान्हूचा आवाज चढला नव्हता. “माजा बाप हितं, आई हितं. आमची दोन लेकरं हितं. तिला तितं एकलीला ठिवू?”

संगीता मात्र पेटली होती. “तुमची ती दागोहोयची गोष्ट आमाला पाठ हाय भाऊ. तीन दिवस पडून व्हता ना त्यो? आमी बी बसतो तीन दिवस.”

कानशिलात बसावी तसं ते बजरंगला लागलं. इतकी वर्षं तो दागोहोयच्या मागे डोंगर चढत होता आणि आज आपण कुणाच्या जागी उभे आहोत, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्याला स्वतःची किळस आली. तो उठला, घरी गेला आणि जहाजावरून आणलेली पान्यांची पेटी खांद्यावर मारून परत आला.

कुलूप गेटाच्या मधोमध होतं. फिटर कुलपाकडे बघत नाही, बिजागऱ्यांकडे बघतो. वॉचमन ओरडत राहिला, मोबाइलवर चित्रण करत राहिला. बजरंगने एकेक नट सोडवला, वाडीतल्या चौघांना पहारी लावायला सांगितल्या आणि गेट उचलून कुंपणाला टेकवून ठेवलं. एक ओरखडा उठू दिला नाही. हात सवयीने काम करत होते, पण शर्ट घामाने भिजला होता.

आत गेल्यावर चालणारे सगळे एकाएकी थांबले. उंबर होता. त्याच्याखाली हिरवळ केलेली होती, आणि हिरवळीच्या कडेने, चुना फासून, ओळीने मांडलेले दगड होते. पंचवीस-तीस असतील. बायकांनी तोंडाला पदर लावले. कान्हू एका दगडापाशी बसला, दुसऱ्यापाशी बसला, मग उठला. बापाचा दगड कोणता, ते आता त्याला सांगता येणार नव्हतं. त्याने उंबराच्या खोडाला पाठ लावली, पावलं मोजत अकरा पावलं चालला आणि म्हणाला, “हितं खणा. हिच्या डाव्या अंगाला लेकरं हायती.”

खणणं चालू असताना वॉचमनने फोन बजरंगच्या हातात दिला. शेठचा सूर अजूनही मवाळ होता. झालं ते झालं, मी पोलिसात जात नाही. फक्त सगळ्यांच्या अंगठ्यानिशी एक माफीनामा लिहून घ्या, की चूक झाली, पुन्हा आत येणार नाही. तुम्ही जाणते आहात, तुमचं ऐकतील.

रोडेलच्या गोष्टीतला एक भाग बजरंगने टपरीवर कधी सांगितलाच नव्हता, कारण पंच्याऐंशी वर्षांवर थांबलं की थाप मारायला बरं पडायचं. डोंगरात उरलेल्या एकोणीस हजार लोकांना शेवटी स्पॅनिश सरकारने माफी दिली. “माफी त्यांनी आम्हाला दिली, आम्ही त्यांना नाही,” रोडेल म्हणाला होता, आणि बराच वेळ हात पुसत बसला होता.

वॉचमनने रजिस्टरचं पान फाडून दिलं. बजरंगने ते गुडघ्यावर ठेवून लिहिलं. शाळा सोडल्यापासून इतका सावकाश तो कधी लिहीत बसला नव्हता. लिहून झाल्यावर तो कान्हूपाशी गेला. संगीताने कागद हिसकावून घेतला. त्यावर एकाचाही अंगठा मागितलेला नव्हता. खाली बजरंगचीच सही होती, आणि माफी कान्हूची मागितली होती. तिने बापाला तसं सांगितलं.

“मला कशाला?” कान्हू म्हणाला. “शब्द तिला दिला व्हता.”

चिंगीला खाली ठेवलं होतं. तोंड अजून झाकलं नव्हतं. माती द्यायला सगळे भोवती आले, तसा बजरंगही वाकला. कान्हूने त्याचं मनगट धरलं. “आदी वाचा भाऊ. मंग माती.”

बजरंग खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. चाळीस माणसांसमोर, त्या बाईच्या तोंडाकडे बघत त्याने वाचलं. “मी, बजरंग अंबाजी मालपोटे. ही जागा ठाकरवाडीची होती आणि मला ते ठाऊक होतं. चिंगीने विचारलं, तेव्हा मी जागा सोडली असं तिला खोटं सांगितलं. हितले दगड वावरातले न्हाईत. ती माणसं हायती. हे मी विकताना लपवलं. चिंगी, मला माफ कर.” कागदावर शेवटी कान्हूचं नाव होतं, त्याने तिचं वाचलं.

बजरंगने कागदाची घडी केली आणि मातीकडे हात नेला.

“पुन्यांदा वाचा,” कान्हू म्हणाला. “ते दगडाचं. माजा बाप बी हितंच हाय, त्याला ऐकू गेलं नसंल. जरा मोठ्यानं वाचा.”

बजरंगने घडी उलगडली आणि मोठ्याने वाचू लागला.